जॉइंटखालची कोरडी माती

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापुरातल्या एका सूतगिरणीत पाणी तपासायचो. पिण्याचं नव्हे, इंजिनाचं. डिझेल इंजिन थंड ठेवणारं पाणी बंद पाइपांतून तेच ते फिरत राहायचं, आणि पाइप गंजू नयेत म्हणून त्यात आम्ही क्रोमेट घालायचो. त्यानं पाणी हळदीसारखं पिवळं दिसायचं. ते विषारी आहे हे मला ठाऊक होतं. इतरांना सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती. इंजिनाचं पाणी पिणार कोण?

उन्हाळ्यात ते पाणी फिकं पडू लागलं. क्रोमेट वाढवलं की पिवळं, मग पुन्हा फिकं. म्हणजे कुठंतरी गळत होतं आणि टाकीत वरून विहिरीचं मचूळ पाणी ओतलं जात होतं. अशा ताज्या पाण्यातले क्षार आणि हवा जॉइंट खातात, मग गळती आणखी वाढते. फोरमन म्हणाला, "उन्हानं आटत असंल की." बंद पाइपातलं पाणी म्हणे उन्हानं आटतं! मी कपाळावर हात मारला.

इंजिनघरातले सगळे जॉइंट पाहिले. कुठंच ओल नव्हती. पाणी तर रोज कमी होत होतं. आता मला खरंच भीती वाटायला लागली.

शेवटी मागच्या बाजूला गेलो. तिथं भिंतीला लागून एका म्हाताऱ्या बाईची चहाची टपरी होती. मोहोळकडून ती सुनेला घेऊन पोटासाठी आली होती, आणि आम्ही सगळे तिच्याकडंच चहा प्यायचो. टपरीमागून जाणाऱ्या इंजिनाच्या पाइपाच्या जॉइंटचे बोल्ट गंजून फुगले होते. बोट लावलं तर ओलं झालं. खालची माती मात्र कोरडी होती, आणि तिच्यावर हंड्याच्या बुडाचा गोल ठसा होता. त्या दुष्काळात थेंब तरी कोण जमिनीवर पडू देणार होतं?

मी तसाच टपरीच्या पुढच्या बाजूला आलो.

"मावशी, हे पाणी चहात घालता?"

"न्हाय वो सायेब! च्याला टँकरचंच. गिऱ्हाइकाला असलं पिवळं पानी द्यावं व्हय?"

मला एकदम हायसं वाटलं. मग हंडा आठवला.

"मग हे कुणाला?"

"आमाला की. फडक्यानं गाळून घेतो." तिनं आवाज खाली आणला. "सुनंला दिस गेल्यात, सायेब. सारखं उलटतंय तिला. म्हून तिला जरा जास्तच पाजते."