वाघजाईची राई बघायला, बाईंबरोबर

"मला एकदा वाघजाईची राई बघायची आहे. पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील असं वाटत नाही," बाई फोनवर म्हणाल्या. कॉलेजात त्यांनी मला वनस्पतिशास्त्र शिकवलं. वेल्ह्याच्या देवराया पायी फिरून तिथल्या झाडावेलींची पहिली यादी त्यांनीच केली. आता ब्याऐंशीच्या आहेत. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. कात्रजचा बोगदा, मग नसरापूर फाट्याला मिसळ. मिसळ झणझणीत, चहा मात्र गोडमिट्ट. पेट्रोल तिथंच भरून घ्या. मार्गासनीपर्यंत रस्ता बरा, पुढे अधूनमधून खड्डे. डोंगरउतारावर जेसीबीने काढलेल्या तांबड्या वाटा आणि प्लॉटविक्रीचे फलक. बाई एकेक फलक वाचत होत्या.

शेवटचा टप्पा चालावा लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. प्रत्यक्षात सिमेंटचा रस्ता थेट देवळापर्यंत गेला. राई नव्हती. नवं देऊळ, पत्र्याचा सभामंडप, चारी बाजूंना फरशी, कडेला दोन हिरडे. बाई उतरल्या आणि गाडीच्या दाराला धरून उभ्याच राहिल्या.

देवळातून म्हातारे गुरव आले, सखारामभाऊ. तरुणपणी तेच बाईंना राईत वाट दाखवायचे.

"बाई, लई वर्सांनी आला."

"सखाराम, गारंबीचा वेल कुठं गेला?"

"मंडपाच्या आड येत व्हता. समदी झाडं इकली, त्यातच देऊळ झालं. गावानं ठरवलं."

"कुणी भ्यालं नाही?"

"आधी भ्याली. मग म्याच समजावलं. तुमी एकडाव नमुन्यासाठी फांदी तोडली व्हती. माजी आई रडली. तुमी म्हणला, बघू देवी मला काय करती. आमी वर्सभर वाट बगितली. तुमी धडधाकट परत आला. कुऱ्हाड लावायच्या दिवशी म्या गावाला त्येच सांगितलं."

बोलण्यात टोमणा नव्हता. बाईंनी आपल्याला शहाणं केलं, याचा त्यांना अभिमान होता.

त्यांच्या घरी पिठलं आणि तांदळाची भाकरी जेवलो. बाईंनी भाकरी नुसती मोडली.

परतताना पाबे घाटात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली दरी धुरकट होती.

"मी देव मानत नाही, आजही नाही," त्या म्हणाल्या. "त्या लोकांची भीती घालवायची, एवढंच मला कळत होतं. ती राई त्या भीतीनेच राखली होती, हे यादी करतानाही दिसत होतं मला. भीती गेल्यावर झाडाकडे बघायचं कसं, ते मी शिकवलंच नाही. झाडांची नावं तेवढी लिहून घेतली."

"बाई, तुम्ही नसतात तरी झाडं गेलीच असती."

"असेल. पण सखारामने माझं नाव घेतलं."

पुण्यात त्यांना दारापर्यंत सोडलं. त्यानंतर आमचं फोनवर बोलणं होतं, तब्येतीचं, औषधांचं. राईचा विषय त्या काढत नाहीत, माझंही धाडस होत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. गाडी दारापर्यंत जाते, लावायला भरपूर जागा आहे. फक्त लवकर पोचा. दहानंतर तिथं सावली नसते.