सॅकला चाकं

डॉक्टरांनी माझ्या कमरेचा एमआरआय उजेडात धरला आणि म्हणाले, "आता पाठीवर ओझं बंद." मी लग्नांचे फोटो काढतो. ओझं बंद म्हणजे धंदाच बंद, पण हे त्यांना सांगून काय उपयोग? मान डोलावली आणि बाहेर पडलो.

पार्टनरला यातलं काही सांगितलं नाही. आम्ही दोघं कॉलेजपासून जोडीने कामं करतो, आणि कामं आणतो तो. नेमकं तेव्हाच त्याने उदयपूरचं लग्न आणलं. विमानाने जायचं आमचं हे पहिलंच काम. माझी पाठ गेलीय हे कळलं तर तो दुसरा कोणीतरी धडधाकट गाठेल, या धास्तीने मला झोप येईना. त्याला दोष तरी कसा देणार? लग्नात फोटोग्राफरने दिवसभर पळायचं असतं.

म्हणून चाकांची सॅक घ्यायची ठरवली. मला त्या प्रकाराचा मनापासून राग आहे. ती ओढत निघालेला माणूस फोटोग्राफर कमी आणि औषधं विकणारा जास्त वाटतो. पण आता नखरे करून चालणार नव्हतं.

फोर्टातल्या दुकानदाराने पहिली दाखवली ती नुसती पेटी, पट्टेच नाहीत. लालबागला आमच्या चाळीत लिफ्ट नाही आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, तिथे चाकं काय कामाची? दुसरीत सगळं मावत होतं, पण ती विमानात सोबत नेता आली नसती. कॅमेरे चेक-इनच्या सामानात द्यायचे म्हणजे देवावर हवाला. तिसरी सगळ्या बाजूंनी बरोबर होती, फक्त विमानात सोबत सातच किलो नेता येतात आणि ही चाकं आणि दांडा धरून रिकामीच इतकी जड, की कॅमेरे घरी ठेवून नुसती सॅकच उदयपूर दाखवून आणावी लागली असती.

"सर, लेन्स जॅकेटच्या खिशात टाकायच्या," दुकानदार म्हणाला. "सगळेच टाकतात."

घेतली एकदाची.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सॅक भरून ठेवली, तर आई हळदकुंकू घेऊन आली. इथपर्यंत ठीक होतं. मग तिने चाकांपुढे दोन लिंबं ठेवली.

"आई, बॅग आहे ही."

"चाकां असत मां तेका? मगे ती गाडीच."

मी सॅक पुढे ढकलली. गाडीखाली लिंबू आपोआप फुटतं, इथे चाकं लिंबांना अडून राहिली. "दाब मेल्या, जोर लाव!" आई म्हणाली. पाठीचं तिलाही सांगितलं नव्हतं. मी वाकलो, दांड्यावर सगळा जोर टाकला. लिंबं फुटली आणि माझ्या पाठीत उसण भरली. आई खूश झाली.

सकाळी सॅक एकेक पायरी टेकवत, दात-ओठ खात खाली आणली. एअरपोर्टवर मात्र ती एका बोटाने चालत होती. काउंटरवर खिशांत लेन्स कोंबून उभा राहिलो, घाम फुटला, पण वजनात बसली. म्हटलं, जिंकलो.

विमानात शिरलो आणि वर बघितलं. सामानाचा कप्पा डोक्याच्याही वर. चाकं, पट्टे, माप, वजन, सगळा विचार केला होता. ही सॅक शेवटी दोन्ही हातांनी वर उचलायची आहे, हे ना मला सुचलं ना दुकानदाराला.

मागे पार्टनर उभा होता, त्याच्यामागे रांग.

"अरे, टाक ना वर."

"नाही जमणार."

"काय झालं?"

"पाठ गेलीय माझी. डॉक्टरने ओझं उचलायला मनाई केलीय. तुला बोललो नव्हतो."

मागून कोणीतरी "भाईसाब" म्हणालं. "च्यायला," एवढंच पुटपुटत त्याने सॅक उचलली, कप्प्यात सारली आणि झाकण आपटून लावलं.

शेजारी बसून त्याने पट्टा बांधला. विमान हललं. हे आपलं शेवटचं काम, असं मी मनात धरूनच बसलो होतो. मग तो समोर बघत म्हणाला, "पुढच्या वेळी तू फक्त एक कॅमेरा घे. बाकी सगळं माझ्याकडे दे."

पुढच्या वेळी. मला रडू आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करून "बरं" म्हटलं.