बदलीची मशीन

एका शब्दाची लबाडी मी केली, आणि करताना मला पुरतं कळत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं उगीच कुणाला माझी दया यायला नको.

पाटोद्याला आमचं दुकान. स्टो, पंखे, इस्त्र्या, शिलाई मशिनी असला सगळा माल. आमचे हे दुपारी जेवायला आणि घटकाभर पडायला घरी आले की दुकानात मी बसायची. बायकांना माझ्याशी बोलायला बरं वाटायचं, आणि खोटं कशाला सांगू, मला विकता यायचं. यांना नाही यायचं. हे गिऱ्हाइकाला वस्तूची खोड आधी सांगायचे! "असं कुठं दुकान चालतं होय?" म्हणून मी किती वेळा भांडले असेन.

पितळी स्टो एकदा नेला की माणूस परत यायचा तो पिन न्यायला, नाहीतर वायसर न्यायला. लोखंडी पात्यांचा पंखा नेलेला बाप पुढं लेकीच्या लग्नात तसलाच दुसरा न्यायचा, आणि पहिला त्याच्या घरी फिरतच असायचा. इस्त्री एवढी जड की उचलताना हाताला रग लागायची, पण तिच्यात बिघडायला होतंच काय? यांना त्या मालाचा कोण अभिमान! मला मात्र मेला राग यायचा. वस्तू मोडतच नाही म्हटल्यावर माणूस दुकानात येईल कशाला? पिना विकून कुणाचं घर वर आलंय?

मग ती वर्षं आली. बाजार खुला झाला असं पेपरात यायचं. आमच्याकडं तो नगरच्या एका एजंटाच्या पेटीतून आला. गुळगुळीत कागदाची पत्रकं, हलकाफुलका रंगीत माल, आणि एक नवाच शब्द, एक्स्चेंज. जुनी शिलाई मशीन आत्ता द्या, नवी आत्ता न्या, वरचे पैसे दिवाळीनंतर. नवी कशी, तर पांढरीशुभ्र, काखेत मारून नेता येईल अशी, विजेच्या मोटारीवर चालणारी. दुकानदारालाही आमिष होतं. दहा मशिनी गेल्या की रंगीत टीव्ही फुकट. अट एकच, जुन्या मशिनीची नंबराची पट्टी उचकटून कंपनीला पाठवायची आणि मशीन फोडायची. फोडलेले तुकडे एजंट स्वतः येऊन बघणार. जुनी बाजारात परत फिरायला लागली तर नवी घेणार कोण, असा त्यांचा हिशोब.

आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडात एक्स्चेंज काही बसेना. एकजण एक्सरे म्हणायचा, एकजण आणखी काही. मग मीच त्याचं सोपं करून टाकलं, बदली. एजंट खूश. म्हणाला, "वहिनी, तुम्ही कंपनीत पाहिजे होता." मी फुगले.

आता आमच्या भागात बदली कशाला म्हणायचे तेही सांगते. रेडिओ, सायकल, स्टो, काहीही दुरुस्तीला टाकलं की दुरुस्तीवाला तेवढ्या दिवसांपुरतं स्वतःकडचं एखादं वापरायला द्यायचा. ती बदली. आपली वस्तू झाली की बदली परत द्यायची आणि आपली घेऊन जायची. पाटोद्यातल्या ज्या बायकांनी मशिनी नेल्या त्यांना पत्रक वाचता येत होतं, त्यांचा काही घोटाळा झाला नाही. नऊ मशिनी गेल्या. टीव्ही एका मशिनीवर येऊन अडला.

श्रावणात मशीनवाली मावशी पट्टा न्यायला आली. जवळच्याच वाडीतली, पन्नाशी ओलांडलेली बाई. तिचा नवरा शिंपीकाम करायचा. त्यानं लग्नानंतर बिडाची पायमशीन आणलेली, तीही कुणाची तरी वापरलेली. बीड म्हणजे ओतीव लोखंड. "मावशी, तुमची मशीन अस्सल आपल्या बीड जिल्ह्याची!" म्हणून मी तिला चिडवायची. नवरा लवकर गेला, काम तिच्या हातात राहिलं. ब्लाउज-परकर नव्हे. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी त्यांना राहायला पालं लागायची, बैलांना झुली लागायच्या. तरटाचे दोन-दोन पदर आणि वर ताडपत्री, हे सगळं ती मशीन खडखडत शिवून काढायची. मावशीचा लेक आणि सून दरवर्षी टोळीबरोबर जायचे, मावशी नातवंडं सांभाळत मागं राहायची. "मशीन हाय म्हनून मी गावात हाय, लेकी," ती म्हणायची. "न्हाईतर ह्या वयात माझ्या डोस्क्यावर मोळ्या आल्या असत्या."

तर ती चामड्याचा पट्टा न्यायला आली. दोन-तीन वर्षांतून एकदा लागायचा, त्या मशिनीचा तेवढाच काय तो खर्च. मी तिला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. माझं सगळं लक्ष दहाव्या आकड्यावर.

नवी मशीन काढली, पातळ पॉपलीनचा तुकडा सुईखाली सरकवला, बटण दाबलं. सुर्रकन टीप पडली. मावशीचे गुडघे धरायचे. पाय न मारता मशीन चालते म्हटल्यावर ती बघतच राहिली.

"अगं बया! आन् तरट शिवंल का?"

मागच्या खोलीत तरटाचा ढीग होता. एक तुकडा आणून सुईखाली घालायला कितीसा वेळ लागला असता? पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं मी वाचलं होतं, जाड कापडासाठी वापरू नये. मावशीला वाचता येत नव्हतं.

"मोटारीची हाय, मावशी," मी म्हणाले. "मोटार म्हणल्यावर काय!"

"मंग माझी?"

"तुमची आमी घेनार. ही बदली."

"बदली व्हय!" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आन् न्हाई जमली तर?"

इथं मला कळलं. लख्ख कळलं. पैसे दिवाळीनंतर आणि वर बदली, म्हणजे महिना-दोन महिने वापरून बघायची, नाही रुचली तर आपली परत घ्यायची, असं तिनं धरलं होतं. एका वाक्यात मला तिचा गैरसमज काढता आला असता. ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

"आमी हावोत की," मी म्हणाले.

मावशीनं कागदावर अंगठा दिला, मला तोंड भरून आशीर्वाद दिला आणि चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी तिच्या लेकानं मशीन आणून टाकली. आमच्या ह्यांनी तिचं चाक बोटानं नुसतं ढकललं तर ते कितीतरी वेळ फिरत राहिलं. "ही दसऱ्यापर्यंत मागं राहू दे," ते म्हणाले. "तिचं तरटाचं काम आहे. नवीवर नाही झालं तर?" एजंट परवा येणार होता. शेजारी टीव्ही आलेला, आमची पोरं त्यांच्या खिडकीला लोंबकळून बघायची, आणि शेजारीण मला ऐकू जाईल असं त्यांना हाकलायची. मी कडाडले, "तुमच्या ह्या असल्या स्वभावानंच आपलं काही होत नाही." ते उठले. छत्री घेऊन घरी गेले.

लोहाराला मीच बोलावलं. त्यानंही चाक फिरवून बघितलं. "चालू हाय की हो ही, बाई. कावून फोडायलात?"

"तुला काय करायचंय? मार."

पहिला घण उसळून परत आला. दुसऱ्यानं काळा रंग उडाला. तिसरा, चौथा. लोहार थांबला, हाताला थुंकी लावली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. सातव्या घावाला मानेपाशी तडा गेला आणि मशीन दोन तुकडे होऊन फरशीवर पडली. तिसऱ्या दिवशी एजंटानं तुकडे बघितले, आठवड्यात टीव्ही आला. पोरं नाचली. मीही त्यांच्यात होते.

दसऱ्याच्या आधी मावशी आली. नवी मशीन धडप्यात बांधून, डोक्यावर घेऊन. पाच सुया मोडल्या होत्या, आणि मग आतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दाते झडून गेले होते. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. तिनं मशीन काउंटरवर ठेवली आणि पदरानं पुसली.

"लई देखनी हाय, लेकी. पर माझ्या कामाची न्हाई. ही घे तुझी बदली, माझी दे."

मी मशीन जवळ ओढून घेतली. "तुमची... तुमची बीडला धाडलीय, मावशी. तेलपाणी करायला. आठ दिसांनी या."

"तेलपानी? मी करत हुते की गं!" आणि मग, देवा, ती हसली. "बरं केलंस. माझ्या हातून आतवर कुठं जातंय तेल."

आठ दिवसांनी आली. मी म्हणाले, मिस्त्री आजारी आहे. पुन्हा आली. मी म्हणाले, एक पार्ट मुंबईहून यायचाय. दर वेळी ती "बरं" म्हणून चार मैल चालत परत जायची. घरी तिच्या तरटाचा ढीग लागला होता. टोळ्यांच्या मुकादमांनी काही दिवस वाट बघितली, मग ज्याचा त्यानं आपला माल उचलून कडा गावच्या शिंप्याकडं नेला. तो टेम्पो आमच्या दुकानावरून गेला. मी वही उघडून खाली बघत बसले.

हे रोज म्हणायचे, "सांगून टाक तिला." मी म्हणायची, "तुम्हीच सांगा." बोलून काही उपयोग नाही म्हटल्यावर हे तसलीच एखादी जुनी पायमशीन हुडकायला निघाले. केजपर्यंत गेले, बीडला दोन खेपा घातल्या. कुठं मिळाली नाही. सगळीकडच्या दुकानांत बदली चालू होती, आणि सगळीकडं लोहार येऊन गेले होते. रात्री पोरं टीव्ही लावायची आणि मी स्वयंपाकघरात उगीच भांडी घासत राहायची. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. ज्या बाईनं मला लेक म्हटलं तिच्यापुढं मी कोण ते उघडं पडेल, ही भीती.

दिवाळी झाली. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी भर दुपारी मावशी आली. पायात नवी रबरी चप्पल होती.

"उद्या ट्रक हाय," म्हणाली. "औंदा मी बी चाललेय. लेक तोडील, मी मोळ्या बांधीन. जायच्या आदी इचारावं म्हनलं. खरं सांग लेकी, ती बिगडलीच नव्हती. मंग दुरुस्तीला एवढं काय लागायलंय?"

दुकानात आम्ही दोघीच होतो. कुणी गिऱ्हाईक यावं म्हणून मी दाराकडं बघितलं. कुणी आलं नाही.

"मावशी, ती फोडली."

"कुनी?"

"कंपनीनं."

"कंपनी कवा आलती इथं?"

मी काउंटरवरची वही मिटली. मग म्हणाले, "मीच फोडली. लोहार बोलावून. श्रावणातच."

ती खाली पायरीवर बसली. मी मनातून म्हणत होते, बोल बाई, घाल शिव्या, थुंक माझ्या तोंडावर. ती आपली दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "कशानं?"

"घणानं."

"किती घाव लागले?"

मला ते सात घाव तिच्या पदरात घालवेनात. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना सांगतात ना, काही त्रास झाला नाही म्हणून, तसं मी म्हणाले, "एकच, मावशी. एकाच घावात गेली."

मी सांगितलेलं तिनं तोवर सगळं मानलं होतं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"खोटं," ती म्हणाली. "एका घावात जायची न्हवती ती."