काळ्या गुंडीचे भुंगेरे

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. माणसानं छंद तरी काय धरावा, तर मेलेल्या जनावरांवर जगणारे भुंगेरे ओळखायचा! रानात मेलेला उंदीर दिसला की यांचा चेहरा असा खुलतो, लग्नातसुद्धा एवढा खुलला नव्हता. गेल्या वर्षी दुकान मुलाच्या हवाली केलं. म्हणाले, आता फक्त भुंगेरे. मी कपाळाला हात लावला.

ओळखायचं कसं, ते मी आता झोपेतही सांगेन. काळी पाठ, तिच्यावर केशरी पट्टे, असे दोन भुंगेरे जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक मिशीच्या टोकावरच्या गुंडीत. एकाची केशरी, दुसऱ्याची काळी. हे प्रत्येक भुंगेरा डबीत घालून, वर चिठ्ठी लावून संग्रहालयातल्या बाईंकडे पाठवतात. बाईंनी शाबासकी दिली की दोन दिवस घरात कुणाशी भांडत नाहीत.

परवा त्याच बाईंचा फोन आला. हे आंघोळीला गेले होते.

"काकू, काका बरे आहेत ना? यंदा त्यांनी सगळेच काळ्या गुंडीचे म्हणून पाठवलेत. मी एक धुतला तर गुंडी केशरी निघाली. वर नुसता मळ होता. काका न धुता कधी बघत नाहीत हो."

दुपारी मी गुपचूप त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ब्रश मिशीजवळ नेला की हात थरथरायचा. मिशी तुटेल म्हणून ब्रश खाली, आणि चिठ्ठीवर 'काळी'. हल्ली चहा अर्धा कपच मागायचे, तो कशासाठी ते तेव्हा कळलं. रागही आला, वर्षभर ताकास तूर लागू दिली नाही.

"अहो, कधीपासून?"

ते दचकले. "दुकान उगाच सोडलं होय मी?" मग हळूच म्हणाले, "हेही सुटलं तर काय करू गं?"

"सुटतंय कशाला? सरका तिकडे."

नाकाला रुमाल बांधला आणि ब्रश घेतला. वास असा की सकाळचं खाल्लेलं वर यायला लागलं. ते भिंगातून बघत होते.

"दाबू नकोस. मुळाकडून टोकाकडे. हां, अशी."

मळ सुटला. केशरी! मला उगाचच हसू फुटलं.

"बाईंना सांग, वर्षभराचे सगळे परत पाठवा," ते म्हणाले. मग टेबलाखाली दडवलेला हात त्यांनी वर आणून माझ्यासमोर ठेवला. थरथरत होता, थरथरू दिला.

"पुढचा घे," म्हणाले.