ताटावरून उठणारे आप्पा

कसबा बावडा,
२२ डिसेंबर

आप्पांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने हा लेख माझ्याकडे नवरात्रात मागितला होता. मी दिवाळीनंतर देते म्हणाले. दिवाळी गेली, आणि त्यानंतर आलेल्या फोनना मी उत्तरही दिले नाही. याबद्दल मंडळाची आणि वाचकांची मनापासून क्षमा मागते. आळस केला असता तर सांगितले असते. आप्पांविषयी काय लिहायचे हे मला ठाऊक होते; ते छापायला द्यावे की नाही, हे ठरत नव्हते. या काळात माझी रोजनिशीही कोरीच राहिली.

श्रीपती आप्पा नलगे यांची माझी ओळख विंचवाने करून दिली. साखर कारखान्याच्या पलीकडे, उसाला लागून झालेल्या नव्या घरांत आम्ही राहायला आलो, त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी अंगणातले ओले पायपुसणे उचलले आणि बोटाला निखारा लागल्यासारखे झाले. पायपुसण्याखालून एक लहानसा तांबूस विंचू सावकाश निघून गेला. शेजारच्या शालनवहिनींनी कुठे तरी फोन लावला. त्या रिक्षा बोलावत असतील, असे मला वाटले. थोड्याच वेळात दारात एक जुनी व्हॅन थांबली. गाडी आप्पांचे पुतणे बाळासाहेब चालवत होते. शेजारच्या सीटवरून पांढरी टोपी घातलेले, पाठीत किंचित वाकलेले आप्पा उतरले. त्यांच्या उजव्या हाताला आमटी-भात लागलेला होता. आमच्या नळाखाली त्यांनी हात धुतला, माझ्या कपाळावरचा घाम पाहिला आणि म्हणाले, "चला. चप्पल नगा शोधू."

वाटेत आग खांद्यापर्यंत चढली. शालनवहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, यांना विंचू उतरवायचा मंत्र येतो. मी बौद्ध घरातली. अंगारे-धुपारे आमच्या वडिलांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिले नाहीत. वर पदवी घेतलेली. तरी मी आप्पांना म्हणाले, "म्हणा की तो मंत्र. तुमचं काय जाणार आहे?"

"माझं काय जात न्हाय," आप्पा म्हणाले. "पण मी म्हणलो, आणि तुम्हाला जरा बरं वाटलं, तर दवाखान्याच्या दारातनं गाडी माघारी फिरवशीला. मग जाईल ते तुमचं जाईल."

दवाखान्यात पोचेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते आणि श्वास लागत होता. डॉक्टरांनी ठेवून घेतले. माघारी फिरले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले नाही. आप्पांनी सांगितले. बरी झाल्यावर मी आमच्या वसाहतीच्या मंडळाच्या विंचू-गाडीच्या, म्हणजे चावलेल्यांना दवाखान्यात नेणाऱ्या याच व्हॅनच्या कामात आले, ती अजून आहे.

ज्यांना या गाडीमागची गोष्ट माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडे मागे जाते. आप्पांच्या घराण्यात विंचवाचा मंत्र पाच पिढ्यांचा. मंत्राबरोबर एक नियमही येतो. बोलावणे आले की उठायचे. जेवत असलात तर हातातला घाससुद्धा तोंडात घालायचा नाही, ताट तसेच सोडायचे. मोबदला घ्यायचा नाही. जात, भाऊबंदकी, बांधाचे भांडण बघायचे नाही. आप्पांचे वडील ज्ञानूअण्णा यांनी हा नियम जन्मभर पाळला. माझे माहेर याच भागातले. अण्णा आमच्या वस्तीतही धावत येत, असे माझी आत्या सांगते. मात्र ते उंबऱ्याबाहेर बसत आणि पाणी घेत नसत. नियम त्यांना दारापर्यंत आणत असे, आत नाही. हे इथे लिहावे का, असा विचार केला. लिहिले, कारण गौरवलेखात अर्धे खरे फार सहज खपून जाते. आप्पा आमच्या घरी येतात तेव्हा थेट स्वयंपाकघरात जाऊन चहात साखर जास्त टाकायला सांगतात.

आप्पा नुकतेच फौंड्रीत लागले होते, तेव्हा सरपण काढताना अण्णांनाच विंचू चावला. हा मंत्र स्वतःवर चालत नाही, अशी समजूत. घरच्यांनी अण्णांना दवाखान्यात नेले, सुई टोचली, अण्णा वाचले. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी एक बाई विंचू चावलेले पोर घेऊन ओट्यावर आली, आणि अण्णा हातात राख घेऊन बसले. आप्पांनी चारचौघांत वडिलांना विचारले, "तुम्हाला सुई, आणि लोकास्नी राख व्हय?"

आप्पांनी पोराला सायकलच्या नळीवर घेतले, त्याच्या आईला मागे बसवले आणि दवाखाना गाठला. पोर वाचले. बाप-लेकाचे बोलणे मात्र पुढे बरेच दिवस बंद होते. तरीही अण्णांनी जाण्याआधी मंत्र दिला तो आप्पांनाच. घरात थोरले भाऊ होते, म्हणजे बाळासाहेबांचे वडील. त्यांना दिला नाही.

आप्पांनी तो मंत्र आजवर कुणावर म्हटलेला नाही. ताटावरून उठायचे मात्र चुकवले नाही.

फौंड्रीत ते मोल्डर होते. वितळलेले लोखंड साच्यात ओतायच्या वेळी तिथे माणूस जागा सोडत नाही. अशाच एका वेळी फाटकावर कुणी रडत आले, आणि आप्पा जोडीदाराच्या हाती काम सोपवून निघाले. फोरमननी खाडा लावला. दुसऱ्या दिवशी आप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले. "लावा खाडा. आणि उद्या तुम्हास्नी चावला तर निरोप कुठं धाडायचा, तेबी सांगून ठेवा." पुढे निवृत्त झाल्यावर याच फोरमनसाहेबांनी आपली जुनी व्हॅन मंडळाला दिली. त्यांना कधीच विंचू चावला नव्हता. म्हणून तर ही गोष्ट मला जास्त आवडते.

आप्पांनी आमच्या वसाहतीला काही खोडी लावल्या आहेत. पायपुसणी आता जमिनीवर भिजत पडत नाहीत, तारेवर वाळतात. विटांच्या ढिगात कुणी उघडा हात घालत नाही. घोण दिसली तर किंकाळी येत नाही, केरसुणी येते. उसाच्या बांधावर गांधीलमाश्यांचे पोळे असले, तर पोरे दगड मारायच्या आधी आप्पांच्या खिडकीकडे बघतात. लग्नाच्या हॉलबाहेर आमच्याकडचा माणूस लगेच ओळखू येतो. तो बूट सोडाच, चप्पलसुद्धा दोनदा आपटून घालतो. आप्पांना या किड्यांचा राग नाही आणि पुळकाही नाही. ते म्हणतात, ते त्यांचे काम करतात, आपण आपले करावे. घाबरून घर सोडून जायची भाषा कुणी केली, की मात्र ते चिडतात. एका नव्या बिऱ्हाडाला त्यांनी विचारले होते, विंचवाला भिऊन शहरात जाशीला, मग तिथं डासाला भिऊन कुठं जाणार?

या सगळ्याचा भार आप्पांच्या पत्नी इंदूकाकींनी उचलला, तोही न कुरकुरता, असे लिहिणे खोटे ठरेल. त्या भरपूर कुरकुरतात. "लग्न झाल्यापासनं हा माणूस माझी भाकरी टाकून पळतोय," त्या मला म्हणाल्या. "एक दिस ह्यांना पोटभर जेवू दे म्हणून आता मी विंचवालाच नवस बोलणार हाय."

आता, ज्यासाठी हा लेख अडला होता, ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात आप्पांच्या छातीत दुखले. तेव्हापासून ते मंत्र कुणाला देणार, याची घरोघर चर्चा सुरू झाली. पंचाहत्तरीच्या समारंभात, सगळ्यांसमोर, आप्पांनी बाळासाहेबांच्या कानात मंत्र द्यावा, अशी सूचना गौरव समितीत आली. बाळासाहेबांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे; माझा जीव वाचला तेव्हा स्टिअरिंगवर त्यांचेच हात होते. त्यांची बाजू हलकी नाही, म्हणून त्यांचेच शब्द देते.

"पाच पिढ्यांचं हाय काका, तुमच्या एकट्याचं न्हाय. मी गाडी बंद करणार न्हाय. आधी मंत्र म्हणीन, मग गाडी काढीन. लोकास्नी धीर नको व्हय?"

बैठकीत बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली असावी. आप्पांनी एवढेच विचारले, "मंत्रानं बरं वाटलं म्हणून एक माणूस जरी ओट्यावरनंच घरला गेला, तर त्याच्या मागनं कोण पळणार?"

मग स्वतःच म्हणाले, "देतो की मंत्र. पण कानात न्हाय. छापून देतो. ह्याच पुस्तकात."

आपल्याकडची समजूत सगळ्यांना माहीत आहे. मंत्र एकाच्या तोंडून एकाच्याच कानात गेला तर चालतो. चारचौघांत फुटला की मेला. आप्पा तो मारायलाच निघाले होते, आणि तोही लोकांच्या समजुतीनेच. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, हा घराण्याचा घात आहे. आप्पा म्हणाले, "व्हय. माझ्याच घराण्याचा. तुमच्या न्हाय."

मंत्र लिहून घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी ते काम माझ्याकडे आले. यांना त्याची भीती नाही, यांच्यात असलं चालत नाही, असे माझ्याकडे बघून कुणी तरी हसत म्हणाले. त्या हसण्यात काय होते, ते मी तपासत बसले नाही.

तपासायला दुसरे पुष्कळ होते. हे छापणे म्हणजे लोकांच्या आधाराची थट्टा होत नाही ना? उद्या एखादा भामटा हेच पान पाठ करून ओटा मांडून बसला तर? आणि ज्ञानूअण्णांचे काय? ज्यांनी भांडण विसरून मुलावर विश्वास टाकला, त्यांच्या विश्वासाशी मी, एक परकी बाई, काय करते आहे? आमच्या वस्तीत ते उंबऱ्याबाहेर बसले, याचा राग तर माझ्या लेखणीत उतरत नाही ना? शेवटी गेल्या आठवड्यात हे सगळे मी आप्पांनाच विचारले. रागाचेही सांगितले.

आप्पांनी ऐकून घेतले. भामट्याला मंत्र लागत नाही, तो कशावरही दुकान मांडतो, म्हणाले. माझ्या रागाविषयी म्हणाले, असू द्या, तो खोटा नाही. अण्णांविषयी मात्र ते असे म्हणाले:

"थोरला असताना मलाच का दिला? मी लई इचार केला. त्यांना ठावं हुतं मी म्हणणार न्हाय. मला वाटतं, त्यांनाबी संपवायचाच हुता. त्यांच्या हातानं हुईना."

हे खरे असेल. किंवा मुलाने वडिलांना दिलेली माफी असेल. मला ठरवता येत नाही, आणि या लेखापुरते ठरवायची गरजही वाटत नाही. आप्पांनी सांगितलेला मंत्र असा आहे:

काळ्या दगडाच्या तांबड्या लेकी,
नांगी तुझी, वाट माझी.
चढलीस तशी उतर,
उतरलीस तिथं थांब,
थांबलीस तिथं पाणी हो.

एवढाच. लिहून घेताना तो मला सुंदर वाटला, हे लपवत नाही. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाशी कुणी इतक्या ठामपणे बोलावे, यात धीर होताच. पण त्या धीराच्या भरवशावर किती जण ओट्यावरच गार पडले, ते कुणी मोजलेले नाही.

वाचकहो, आजपासून हा मंत्र तुम्हा सगळ्यांना येतो. म्हणजे त्याचा धनी कुणी उरला नाही. विंचू चावला तर ओटा शोधू नका, मंडळाला फोन करा. आमच्यापैकी जो जेवत असेल तो उठून येईल.

समितीला एक विनंती, आणि ती विनंतीपुरतीच नाही. वरच्या पाच ओळी गाळायच्या असतील तर अख्खा लेख गाळावा. माझे नाव आणि आप्पांचे कौतुक तेवढे ठेवून मधला मजकूर कापलेला मला चालणार नाही, आणि आप्पांनाही चालणार नाही. बाळासाहेबांना मी हा लेख आधी वाचायला दिला. ते म्हणाले, मला पटलेले नाही. मग म्हणाले, गाडीचे मागचे टायर बदलायला झालेत, तेही समितीच्या कानावर घाला. तेही घालते.

आप्पांनी शंभरी बघावी. त्यांच्या छातीने आता कुरबूर करू नये, गुडघे चालते राहावेत, आवाज असाच खणखणीत राहावा, आणि त्यांच्याशी भांडायला बाळासाहेब रोज संध्याकाळी समोर बसलेले असावेत. एवढे आयुष्य त्यांना लाभो, आणि त्यातले पुष्कळसे आम्हाला बघायला मिळो.

आज कोऱ्या रोजनिशीत पुन्हा एक ओळ लिहिली. उद्याचे काम: लेख फोनवरून न पाठवता स्वतः छापखान्यात नेणे, आणि मंत्राचे पान छापून हातात येईपर्यंत तिथून न हलणे.