विमानाच्या डाव्या पंखावरचं कुंकू

माझे वडील गिरगावातल्या एका लिथो छापखान्यात मशीनवर होते. फ्लाइंग क्लबच्या हवाई कसरतींचं एक पोस्टर त्यांनी छापलं होतं: वीस बाय तीस इंच, चार रंग, मधोमध वर-खाली दुहेरी पंखांचं जुनं पिवळं विमान. चार रंग म्हणजे कागद चार वेळा मशीनमधून जातो. एक रंग सूतभर सरकला तरी विमानाला दुहेरी कड येते. या पोस्टरवर ती कुठेच नाही. मी भिंगाखाली तपासलं आहे.

उरलेली एक प्रत काळाचौकीच्या आमच्या खोलीत भिंतीवर लागली. दसऱ्याला आई घरातल्या सगळ्या हत्यारांना कुंकू लावायची. विळी, कात्री, बाबांचा पाना, आणि शेवटी विमानाचा डावा पंख. तिचा हात तिथवरच पोचायचा. वर्षानुवर्षं एकाच जागी लावल्याने तिथे रुपयाएवढा लाल डाग पडला.

चाळ पाडायची ठरली तेव्हा पोस्टर उतरवलं. बाबांच्या एका डोळ्याची नजर गेली आहे, दुसऱ्याची जाते आहे. "दिसतंय तोवर एकदा मशीनवरून उतरलं तसं बघायचंय," ते म्हणाले. म्हणून आम्ही तिघं जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेलो.

"हे काय लागलंय?" बाईंनी विचारलं.

"कुंकू. हिला विचारा," बाबा म्हणाले.

"दसऱ्याला वाहनाची पूजा करतात," आई म्हणाली. "ह्यांच्याकडे दुसरं वाहन होतं कुठलं? सायकलसुद्धा नाही घेतली."

बाईंनी डागाच्या कडेला औषधाचा कापूस हलकेच टेकवला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो डोळ्याजवळ नेला. कापूस पिवळा झाला होता.

"काका, कुंकू कागदात मुरलंय. ते काढायला गेलं तर पंखही जाईल."

बाबांनी कापूस बाईंना परत दिला. मग म्हणाले, "राहू दे. पिवळा मी पहिला छापला होता. तोच गेला तर बाकीचे तीन कशावर बसणार?"

"बघा, तुमच्या शाईपेक्षा माझं कुंकू पक्कं."

"गप गो!"

फ्रेम केलेलं पोस्टर आता भाड्याच्या घरात बाबांच्या खाटेसमोर आहे. यंदा दसऱ्याला आई करंडा घेऊन उभी राहिली आणि थांबली. "लाव," बाबा म्हणाले, "आता काच आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काच रुमालाने पुसली आणि चांगला डोळा अगदी जवळ नेऊन डाग नसलेल्या उजव्या पंखाची कड तपासली.