ताराबाईची कोळंबी

चौक गावातल्या लग्नघरी मी पोचलो तेव्हा मांडवात पाहुणे आडवे पडले होते आणि नवरी बादलीपाशी बसून ओकत होती. लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी या भागाचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. साहेबांनी कॉलरा गृहीत धरून विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर बरोबर दिली होती.

मला ते पटेना. जेवणानंतर तीन तासांत सगळ्यांना एकदम उलट्या, जुलाब मात्र फारसे नाहीत. कॉलरा असा घड्याळ लावून येत नाही. शिवाय ज्यांनी कोळंबीचं कालवण खाल्लं नव्हतं, ते ठणठणीत होते.

हे कळताच नवरीचे वडील मिंगेल भडकले. कोळंबी शेजारच्या राई गावच्या ताराबाई कोळणीची.

"सडका माल दिला तिनं. आता ती या गावात टोपली उतरवणार न्हाय," त्यांनी जाहीर केलं.

ताराबाई विधवा होती आणि तिचं बहुतेक गिऱ्हाईक चौकचंच. माल ताजा होता, असं ती मांडवाबाहेर उभी राहून सांगत होती. कुणी ऐकेना.

मी स्वयंपाकाची चौकशी केली. आदल्या संध्याकाळी कोळंबी उकडून, हाताने सोलून टोपात झाकून ठेवलेली. सकाळी कालवण चांगलं खळखळून उकळलं, मग बाधेल कसं, असा सगळ्यांचा सवाल. विचारणाऱ्यांत नवरीची मावशी रोझा पुढे होती; कोळंबी तिनेच सोलली होती. तिच्या बोटाला चिंधी होती. माशाचा काटा लागून बोट पिकलं होतं.

"अशा हाताने सोलायला कशाला बसलात?" मी चिडलोच.

"सख्खी मावशी हाय मी. हात लावला न्हाय तर रुसली म्हणतील."

माझा राग तिथेच उतरला. भाचीच्या लग्नात कोण हात बांधून बसेल?

टोपात वाटीभर सोललेली कोळंबी उरली होती. ती आणि बोटातला पू मी मुंबईला लॅबोरेटरीत पाठवला. दोन्हींत एकच जंतू निघाला, स्टॅफिलोकोकस. तो पिकलेल्या जखमेत असतो. तिथून अन्नात गेला की उबेला रात्रभर वाढतो आणि विष सोडतो. उकळल्यावर जंतू मरतो, विष मात्र तसंच राहतं. उलट्या त्या विषाने होतात.

माणसं दुसऱ्याच दिवशी बरी झाली होती. ताराबाईची टोपली मात्र अजून गावाबाहेरच होती. रिपोर्ट घेऊन मी आधी रोझामावशीकडे गेलो. तुमचं नाव कुठे घेणार नाही, म्हणालो. मला तिची खरंच दया आली होती.

"मग ताराला कोण सोडवील?" तिने विचारलं.

रविवारी मिसेची प्रार्थना सुटल्यावर ती चर्चच्या पायरीवर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, मिंगेलकडे बघत, चिंधी सोडली.

"ताराची कोळंबी चांगली होती. घाण माझ्या बोटात होती."

सोमवारी ताराबाई गावात आली. तिने पहिली टोपली उतरवली ती रोझामावशीच्या दारात.

पुढे प्रत्येक लग्नघरी मी एकच सांगत आलो. बोट पिकलेल्या मावशीला रुसू द्यायचं नसेल, तर तिला मांडवात गाणी म्हणायला बसवा.